एका सोफ्यावरची बाग

खेळाचा दुसरा भाग येणार ही बातमी मला कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कळली आणि मी चक्क किंचाळले. समोर बसलेल्या इतिहासाच्या मॅडमना वाटलं, घरचं कुणी गेलं. त्यांनी घाईघाईने पाण्याचा ग्लास पुढे केला. मी तो घटाघटा प्यायले, व्हरांड्यात गेले आणि अकोल्याला फोन लावला.

"आई, दुसरा भाग येऊन राहिला!"

पलीकडून माझ्या सासूबाईंचा तो कोर्टात कमावलेला आवाज आला, "कोनं सांगतलं?"

"कंपनीनंच. व्हिडिओ टाकला त्याईनं."

"मंग ठीक आहे. ऐकीव असन तर मले सांगूच नोको."

माझ्या सासूबाई वकील. वाटणीचे आणि बांधाचे दावे लढवण्यात त्यांची हयात गेली. आता कोर्टात जात नाहीत, पण जठारपेठेतल्या घरी जुने अशील अजून सल्ल्याला येतात, आणि त्या अजून त्यांना रागावतात. सासरे गेल्यापासून त्या घरात एकट्याच राहतात. आम्ही अमरावतीत, मी इथे कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते. "आमच्याकडे या" असं आम्ही दर सणाला म्हणतो आणि दर सणाला त्या म्हणतात, "अमरावतीले माहं काय काम?" यावर तोड नाही. त्यामुळे दर रविवारी सकाळी मीच एसटी पकडते, मूर्तिजापूरला चहा पिते आणि अकोल्याला पोचते. लोकांना वाटतं सून सासूची किती काळजी घेते. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही. खरं म्हणजे मी व्हिडिओ गेम खेळायला जाते.

हे सुरू झालं त्यांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनपासून. उन्हाळ्याची सुट्टी होती, तेव्हा महिनाभर त्यांच्याजवळ राहायचं माझ्याकडे आलं. मला धास्ती पडली. आमच्यात भांडण कधीच नव्हतं, भांडायला लागते तेवढी जवळीकही नव्हती. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला माहेरहून आलेला एक फोटो, आमच्या वरूडच्या संत्र्याच्या बागेचा, मी त्यांच्या दिवाणखान्यात लावायला निघाले होते. हातोडी हातात होती. त्या दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "या घराच्या भिंतीत मले इचारल्याशिवाय खिळा ठोकल्या जात नाही." रागावल्या नव्हत्या, नियम सांगत होत्या. मी हातोडी जागेवर ठेवली, फोटो परत गुंडाळला आणि तो अमरावतीला नेऊन लावला. पुढची कित्येक वर्षं मी त्या घरात पाहुण्यासारखी वागले. विचारून चहा केला, विचारून पंखा लावला.

तर अशा बाईबरोबर महिनाभर बोलायचं काय? नवऱ्याने हौसेने गेम खेळायचं यंत्र आणलं होतं आणि अंगठा दुखतो म्हणून ते कपाटात टाकून दिलं होतं. तेच मी बॅगेत कोंबलं. म्हटलं, निदान माझा वेळ जाईल.

खेळ अगदी साधा होता. मारामारी नाही, बंदुका नाहीत. डोंगरातल्या एका गावात दोन बहिणींना वडिलोपार्जित वाळून गेलेली बाग मिळते. पाट दुरुस्त करायचा, झाडं जगवायची, गावकऱ्यांशी जुळवून घ्यायचं आणि शेवटी गावच्या जत्रेत बागेच्या पहिल्या फळांची टोपली न्यायची. एकट्यालाही खेळता येतो आणि दोघांनाही. दोघांनी खेळताना टीव्हीचा पडदा मधोमध दुभागतो, डाव्या अर्ध्यात एक बहीण, उजव्या अर्ध्यात दुसरी.

पहिले तीन-चार दिवस त्या पलंगावरून नुसत्या बघत होत्या. मी कुंपण घालायला घेतलं तशी त्यांना राहवेना.

"मोजनी केली का?"

"कसली मोजणी, आई?"

"मोजनी न करता कुंपन घालून राहिली? उद्या शेजारी भांडन तेव्हा काय सांगशीन? दे तो रिमोट इकडे."

त्या दिवशी पायाला उशी लावून सोफ्यावर बसलेल्या माझ्या सासूबाईंनी त्या परक्या मुलखातल्या खोट्या बागेची चतुःसीमा पायी फिरून बघितली. पूर्वेला पाट, पश्चिमेला वाट, असं मोठ्याने म्हणत. त्यानंतर दुसरा रिमोट त्यांच्या हातून कधीच सुटला नाही. बार्शीटाकळीचे एक अशील भेटायला आले तर त्यांना बाहेरच्या खोलीत बसवून म्हणाल्या, "थांबा जरा, पाटाचं पानी सोडून ठेवलं आहे." ते बिचारे खिडकीतून अंगणात पाणी शोधत राहिले.

आमचं नुकसान केलं ते माझ्या माहेरच्या अभिमानाने. खेळातली फळझाडं दिसायला अगदी संत्र्यासारखी, त्यामुळे आमच्या लेखी ती संत्रीच. पण बहर म्हणावा तसा येईना. मी वरूडची. संत्र्याच्या बाबतीत कुणी मला शिकवलेलं मला खपत नाही. मी म्हटलं, "आई, ताण द्यावा लागते. पाणी बंद करायचं. झाडाले वाटलं पाह्यजे आता आपलं काही खरं नाही. पानं मलूल होतात, थोडी गळतात. मग ताण तोडायचा, म्हणजे खत टाकून भरपूर पाणी द्यायचं. असं फुलते न झाड, की गावभर वास सुटते."

"पक्कं?"

"माह्या बाबांनी जन्मभर हेच केलं."

"ठीक आहे. तू तज्ज्ञ साक्षीदार. बंद कर पानी."

आम्ही पाणी बंद केलं. खेळातला शेजारी रोज धावत येऊन सांगायचा, झाडं तहानली आहेत हो. आम्ही त्याला हसायचो. "याले काय समजते," सासूबाई म्हणायच्या. पानं पिवळी पडली तेव्हा मी खुशीत टाळी दिली. आता बघाच म्हटलं. आणि मग एका सकाळी यंत्र सुरू केलं तर सगळी झाडं काळी ठिक्कर. पाणी घातलं, खत घातलं, काही उपयोग नाही. खेळ बनवणाऱ्यांना ताण माहीतच नव्हता. त्यांच्या हिशेबात पाणी नाही म्हणजे मरण, विषय संपला.

जत्रेला आम्ही रिकामी टोपली घेऊन गेलो. डोंगरातल्या त्या लोकांनी आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला अजून आठवते. मला रडू आलं. खेळातल्या झाडांसाठी चाळिशी ओलांडलेली बाई रडते हे बघून सासूबाई मला हसतील असं वाटलं होतं. त्या हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुहं चुकलं नाही व. कायदाच चुकीचा आहे तथला."

मग त्यांनी मला कंपनीला मेल लिहायला बसवलं. त्या मराठीत सांगत होत्या, मी इंग्रजीत लिहीत होते. "सबब विनंती" पासून "योग्य तो न्याय व्हावा" पर्यंत सगळं. वरूडकडचे शेतकरी पिढ्यान् पिढ्या संत्र्याला ताण देतात, हिवाळ्यातला आंबिया बहार कसा घेतात आणि पावसाळ्यातला मृग बहार कसा, हे सगळं त्यात आलं. उत्तर आलं ते साच्यातलं, आपल्या सूचनेबद्दल आभार वगैरे.

"आपण नव्याने खेळू," मी म्हटलं. "सुरुवातीपासून."

"नाही. निकाल लागला. त्याच कोर्टात तेच प्रकरण परत नाही चालत. आता अपील."

"अपील कुठे करायचं, आई?"

"दुसऱ्या भागात."

तेव्हापासून आम्ही दुसऱ्या भागाची वाट बघतोय. दर रविवारी जुन्याच खेळात जातो, मागाहून लावलेल्या पेरूच्या झाडांना पाणी घालतो, नदीवर मासे धरतो, शेजाऱ्याची चौकशी करतो. बाहेरून बघणाऱ्याला यात काय मजा असं वाटेल, आणि नवऱ्याला वाटतंच. तो कधी बरोबर आला तर दहा मिनिटांत घोरायला लागतो. पण त्या सोफ्यावर काय काय बोललं गेलं ते त्याला ठाऊक नाही. दोघी पडद्याकडे बघत असलो की एकमेकींच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, आणि मग बोलणं सोपं होतं. सासूबाई संत्रं सोलतात, निम्म्या फोडी न बघताच माझ्या मांडीवर ठेवतात. असंच एकदा पेरूला पाणी घालता घालता त्या म्हणाल्या, "हे गेले न, तवापासून या घरात कोनी मोठ्यानं हासलंच नव्हतं. तू हासते. तुहं हासनं पार रस्त्यावर जाते." आणि लगेच, "पाय, पाट फुटला तुहा." मी पाट बुजवला. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

तर स्टाफरूममधल्या त्या बातमीने आमच्या घरात किती खळबळ उडाली असेल याची कल्पना यावी. या खेळाच्या चाहत्यांची इंटरनेटवर एक चावडी आहे. जगभरातले लोक तिथे बसून कुटाळक्या करतात. रोज सकाळी डबा भरताना मी ती वाचायची आणि फोनवर सासूबाईंना सांगायची, जसं कुणी राशिभविष्य वाचून दाखवतं. नकाशा मोठा असणार म्हणे. जुना शेजारी परत येणार म्हणे. नाही, तो मेला असं दाखवणार म्हणे. नवीन भागात घाई फार, संथपणा गेला म्हणे. सासूबाई प्रत्येकाची उलटतपासणी घ्यायच्या. "म्हने म्हने काय लावलं? कागद दाखव."

त्या व्हिडिओत एक झाड होतं. निमिषभर दिसून जायचं. मलूल, पानं वळलेली, पिवळट, खाली थोडा पाचोळा. चावडीवर त्याच्यावरून रणधुमाळी माजली. कुणी म्हणे हा शाप आहे, कुणी म्हणे गावात दुष्काळ पडणार, कुणी म्हणे कथेच्या शेवटी सगळे मरणार. एकाने तर त्या झाडावर निबंध लिहिला. पुढच्या रविवारी मी ते चित्र थांबवून सासूबाईंना मोठ्या पडद्यावर दाखवलं. त्यांनी चष्मा पुसला, टीव्हीजवळ गेल्या, बराच वेळ बघितलं.

"आई, मी काही बोलत नाही. तुमीच सांगा."

"फांद्या जित्या आहेत," त्या म्हणाल्या. "शेंड्याले हिरवं आहे."

"आणि?"

"अन् काय! झाड ताणावर आहे, बाई. दुष्काळ कायचा आला!"

दोघी अशा ओरडलो की शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. आमच्या मेलमुळे हे झालं का, कुणास ठाऊक. पुरावा नाही. सासूबाई स्वतःच तसं म्हणाल्या आणि तरी दिवसभर एखादी केस जिंकल्यासारख्या घरात वावरल्या. संध्याकाळच्या एसटीत मी एकटीच हसत होते.

पण त्याच चावडीवर एक वेगळी कुजबुज वाढत होती आणि ती मी सासूबाईंना सांगत नव्हते. दुसऱ्या भागात पडदा दुभागणार नाही म्हणे. एका सोफ्यावर बसून दोघांनी खेळायची सोयच काढून टाकणार. दोघांनी खेळायचं तर प्रत्येकाचं यंत्र वेगळं, टीव्ही वेगळा, आणि इंटरनेटवरून आपापल्या घरी बसून खेळायचं. लोक चिडले होते. कुणी नवऱ्याबरोबर खेळणारे, कुणी भावाबरोबर, एक बाई आपल्या म्हाताऱ्या वडलांबरोबर खेळणारी. तिचं लिहिलेलं वाचून मी पोळी करपवली. म्हटलं ऐकीव आहे, सांगायचं नाही. असं म्हणत मी दिवस ढकलले.

शेवटी कंपनीनेच जाहीर केलं, कागदावर, सहीशिक्क्यासकट म्हणावं तसं. आता लपवण्यात अर्थ नव्हता. मी फोन केला आणि वाचून दाखवलं. प्रत्येकाने आपापल्या घरून.

सासूबाई म्हणाल्या, "बरंच झालं न. तुहा रविवार मोकळा झाला. इतक्या दूर एसटीत आपटत येते, कंबर दुखते तुही. आता घरूनच खेळजो."

"मी मागितला होता का मोकळा रविवार?" मी म्हटलं.

"अवं, पन सोयीचंच आहे थे."

"तुमाले सोयीचं असन!" आणि मी फोन ठेवून दिला. सासूवर फोन आपटण्याची ही माझी पहिली वेळ. मला फार वाईट वाटलं होतं, आणि वाईट वाटलं की मी चिडते, हा माझा स्वभाव आहे. त्यात नवऱ्याने विचारलं काय झालं, आणि ऐकून म्हणाला, "अरे वा, मस्तच! आईला दुसरं यंत्र घेऊन देऊ. जायची कटकटच मिटली." त्या दिवशी त्याला भाजीत मीठ मिळालं नाही.

मला कळत होतं काय होणार ते. पहिले काही रविवार आम्ही कानाला हेडफोन लावून आपापल्या घरातून खेळू. मग एखाद्या रविवारी माझ्याकडे पाहुणे येतील, पुढच्या रविवारी पेपर तपासायचे असतील. मग त्या म्हणतील, राहू दे आज. मांडीवर संत्र्याच्या फोडी येणार नाहीत. मी जोरात हसले तरी ते हसणं अमरावतीच्या रस्त्यावर जाईल, जठारपेठेच्या नाही. अन् त्यांचं ते घर परत गप्प होईल. मला खेळाचं दुःख नव्हतं. त्या बाईची सवय झाली होती मला, आणि त्यांना माझी झाली आहे असं मी धरून चालले होते. "सोयीचंच आहे" या शब्दांनी ते धरणंच हाललं.

रविवारी मी तरीही निघाले. फोन न करता. मूर्तिजापूरला चहासुद्धा प्यायले नाही. मनात पक्कं वाक्य तयार होतं की खेळ असो नसो, मी येत जाणार, तुम्हाला आवडो न आवडो.

दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि थबकले. दिवाणखान्यात सिमेंटचा वास. काचेचं कपाट, जे माझ्या लग्नापासून एका जागी होतं, ते कोपऱ्यात सरकलेलं. सोफा थोडा मागे ओढलेला. आणि मी बसते त्या बाजूच्या भिंतीवर उभा चर खोदून भरलेला, प्लास्टर अजून ओलं, वर नवा कोरा बोर्ड. टीव्हीचा प्लग, यंत्राचा प्लग, आणि वर एक मोबाइल लावायला. त्याच्या बाजूला दोन स्क्रू पिळून एक लोखंडी पट्टी बसवलेली, दुसरा टीव्ही टांगण्यासाठी.

सासूबाई आतून आल्या. हाताला चुना लागलेला. माझ्याकडे न बघता बोर्डाकडे बघत म्हणाल्या, "वायरमन काल येऊन गेला. प्लास्टर वाकडं केलं लेकाच्यानं, मी सांगतच होती."

"आई, हे काय?"

"काय म्हंजे? दोन टीव्ही लागतीन न आता. तुहा तिकडे, माहा इकडे. सोफा थोच."

"अन् थे फोनवर म्हनत होत्या, बरंच झालं, रविवार मोकळा झाला?"

"थे तुह्या कंबरेसाठी म्हनलं. तू तर फोनच आपटला. मंग समजलं मले, तुले इथं याचंच आहे म्हनून."

मी भिंतीकडे बघत राहिले. हातोडीने नव्हे, छिन्नीने फोडलेली भिंत होती ती. आणि तरी मला वाद घातल्याशिवाय राहवेना. खूप बरं वाटलं की मला काहीतरी उगाच बोलायला लागतं.

"पण आई, कंपनीचं म्हणणं काय आहे? प्रत्येकानं आपापल्या घरून खेळायचं."

त्यांनी चष्मा वर केला आणि साक्षीदाराकडे बघावं तसं माझ्याकडे बघितलं.

"हाव न," त्या म्हणाल्या. "मंग हे कोनाचं घर आहे?"

उत्तराची त्यांनी वाट पाहिली नाही. त्या ओढलेल्या सोफ्यावर आपल्या बाजूला बसल्या, टोपलीतून एक संत्रं घेतलं आणि सोलायला लागल्या. मी पर्स टेकवली, माझ्या बाजूला बसले. जुना खेळ सुरू केला. पडदा मधोमध दुभागला.

"अन् थो बागेचा फोटो," पडद्याकडे बघत त्या म्हणाल्या, "पुढच्या रविवारी घेऊन येजो. खिळ्याची जागा वायरमनकडून करून ठेवली आहे."